शाळापट्टी

१९३० सालच्या प्रांतिक कौन्सिलच्या निवडणुकीत आमच्या अख्ख्या घराण्यात एकच मत होतं, आणि ते माझ्या पणजोबांचं. चार भावांचा एकत्र संसार, पण शेतसारा पणजोबांच्या नावे भरला जाई, म्हणून मताचा हक्क त्यांना. गावात असे मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सालदार, मजूर, बलुतेदार यांच्यापैकी कुणालाच मत नव्हतं. पणजोबा दमणी जुंपून तालुक्याला गेले, मत देऊन आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "टाकलं बापा. आता पट्टी वाढन."

आबाजी ही गोष्ट सांगताना 'पट्टी वाढन' या शब्दांवर थांबत. आबाजी म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. त्या वेळी ते अमरावतीला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. पणजोबांनी ज्या उमेदवाराला मत दिलं, त्याच्याबद्दल त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : हा निवडून आला की शाळांसाठी पैसा मागणार, आणि तो आपल्यासारख्यांच्याच गाठीचा जाणार. तरी त्यांनी मत दिलं. माझ्या लहानपणी मला हे साधं वाटे. आज निवडणुकीतली भाषणं ऐकताना त्या एका मताचं मोल मला फार मोठं वाटतं.

उमेदवार होते डॉ. पंजाबराव देशमुख. आमच्या भागात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. पूर्ण नाव घेतलं की सांगणारा बाहेरचा आहे हे लगेच कळतं. जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ, जिल्हा अमरावती. घर शेतकऱ्याचं. वडील शामराव, आई राधाबाई. बाहेरचे लोक त्यांची ओळख ऑक्सफर्डपासून करून देतात, आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र पापळच्या शाळेपासून सुरुवात करत. त्या शाळेत पुढचे वर्गच नव्हते. पोरगं हुशार, आणि गावातली शाळा संपलेली. मग चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. प्रत्येक मुक्कामी कुणाच्या तरी घरी राहायचं, कुणाच्या तरी चुलीवरचं खायचं. आबाजी म्हणत, "शाळा सरे, गाव बदले." पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० साली इंग्लंड. तिथे एडिंबरोला एम. ए., ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध, आणि जोडीला बॅरिस्टरी. १९२६ मध्ये ते परत आले.

विलायतेला जाणं झालं ते शामरावांनी जमिनीवर कर्ज काढून. आमच्या गावात ही गोष्ट सांगताना म्हातारे आवाज खाली आणत. कर्ज काढून पोराला विलायतेला पाठवणं हे त्या काळी वऱ्हाडातल्या कुणब्याच्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. लग्नाला कर्ज, तेराव्याला कर्ज, बैलाला कर्ज हे रोजचं होतं. भाऊसाहेबांच्या शिक्षणविषयक मतांचा शोध मी पुस्तकांतही घेतला आहे, आणि माझं मत असं झालं आहे की त्या मतांचं मूळ या कर्जात आहे. आपण शिकलो कारण बापाकडे गहाण टाकायला जमीन होती. ज्याच्याकडे तीही नाही, त्याच्या पोराचं काय? पुढच्या आयुष्यात त्यांनी शिक्षणासाठी जे जे केलं, त्यात हा एकच प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत दिसतो : शाळेचा पैसा कोण देणार?

पहिलं उत्तर होतं मूठभर जवारी. परतल्या वर्षीच, १९२६ मध्ये, त्यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं ते मुष्टिफंडावर. माझ्या आजीच्या सासूने, म्हणजे मतदार पणजोबांच्या बायकोने, त्यात धान्य टाकलं होतं, आणि आजीने लग्न होऊन आल्यावर ते गाडगं बघितलं होतं. जात्याशेजारी कोनाड्यात ठेवलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं, साधं मातीचं गाडगं. दळण घेण्याआधी एक मूठ त्यात पडायची. आजी सांगे, "जात्यावर बसाच्या आंधी एक मूठ टाकाची. घरात भाकर कमी पडली तरी त्या गाडग्याले हात लावाचा नाही. सासूबाई म्हने, थे पोट्ट्यायचं हाये." कोणाच्या पोट्ट्यांचं, असं मी विचारलं, तर आजी म्हणाली, "कोनाच्याबी. कोन्या जातीचं पोट्टं हाये थे मले काय मालूम? मूठ टाकली, झालं."

आठवड्याला कुणी तरी पोतं घेऊन येई, घराघरातली गाडगी रिकामी करी आणि बंडी अमरावतीला जाई. आबाजी याच छात्रालयात राहत आणि त्याच धान्याची भाकर खात होते. त्यांना ताटातली भाकर बघून ती कुठल्या शिवारातली आहे हे ओळखता येतं असं वाटे. काळ्या कसदार जमिनीतली जवारी पांढरी, आणि बरड्यावरची किंचित पिवळट. या भाकरीबद्दल त्यांना जी ओढ होती, ती नंतर घरच्या सणासुदीच्या पुरणपोळीबद्दलही त्यांच्या बोलण्यात कधी आली नाही. जेवायला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसत. आबाजींनी पहिल्यांदा सुट्टीत घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा पणजीने त्यांना आधी आंघोळ करायला लावली आणि मग जेवायला वाढलं. गाडग्यात मूठ टाकणारी तीच बाई. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच हाताने होत होत्या.

१९२७ हे साल अमरावतीत तापलेलं होतं. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहाची तयारी सुरू होती. नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भाऊसाहेब या चळवळीच्या बाजूने उघड उभे राहिले. त्याच महिन्यात त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केलं, जातीबाहेर. गावातल्या पारावर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. विमलाबाईंनी लग्नानंतर शिक्षण पुढे नेलं, कायद्याची पदवी घेतली आणि पुढे राज्यसभेत गेल्या. आमच्या घरातल्या बायकांना भाऊसाहेबांच्या भाषणांपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं होतं. नवऱ्याने बायकोला लग्नानंतर शिकू दिलं, हे त्या एकमेकींना सांगत.

१९२८ मध्ये ते अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. मध्य प्रांतात १९२० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा होता. त्याने स्थानिक संस्थांना शिक्षण सक्तीचं करायची मुभा दिली होती, पण मुभा आणि अंमल यांच्यामध्ये पैसा उभा होता. बडोद्याला सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती केली, कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केली. त्यांच्या हाती राज्य होतं, हुकूम निघाला की झालं. गोखल्यांनी मात्र १९११ मध्ये मध्यवर्ती कौन्सिलात विधेयक आणलं तेव्हा दुसऱ्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधात सरकार होतं, तसे आपलेही लोक होते, आणि कराची भीती हे एक मोठं कारण होतं. म्हणजे राजाला जे हुकमाने करता येतं, ते निवडून आलेल्या माणसाला मतदाराच्या खिशात हात घालून करावं लागतं. भाऊसाहेबांनी तो हात घातला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि त्यासाठी वाढीव कर, हे दोन्ही त्यांनी एकदम आणलं, आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठरावही केला.

सगळी गोम इथे आहे. कर भरणारा तोच मतदार. त्याची स्वतःची पोरं बहुतेक शिकतच होती. ज्यांची शिकत नव्हती त्यांना मत नव्हतं. अशा वेळी उमेदवाराचा सोपा मार्ग कोणता, हे सांगायला नको. कापसाचे भाव १९२९ नंतर जगभरच्या मंदीत कोसळले. आमच्या गावात सरकीच्या भावाने कापूस जातो की काय अशी स्थिती झाली. पणजोबा म्हणाले असतील ते वाक्य त्याच काळातलं : "भाव नाही, पानी नाही, आन् वरतून शाळेची पट्टी." जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर दोन वर्षांनी भाऊसाहेब त्याच मतदारांकडे प्रांताच्या कौन्सिलसाठी मत मागायला आले, आणि आपण कर का वाढवला ते सांगत आले.

आबाजींनी त्यांची अमरावतीतली एक सभा ऐकली होती. शब्द त्यांना आठवत नव्हते, आणि न आठवणारे शब्द ते बनवूनही सांगत नसत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. त्यांना आठवत होता तो मुद्दा. तुम्ही सावकाराला व्याज देता, देवाला नवस देता, पटवाऱ्याला सारा देता. पोरांच्या शिक्षणाला देणं हे त्याच यादीत आणा, दान म्हणून नको. असा एकूण रोख होता म्हणत. कोट, टाय आणि डोक्याला फेटा, आणि बोलणं वऱ्हाडी वळणाचं.

त्या निवडणुकीला एक दुसरी बाजू होती आणि ती आमच्या घरातच होती. काँग्रेसने १९३० ची निवडणूक लढवली नाही. सविनय कायदेभंग सुरू होता. जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. आजोबांचे एक चुलत भाऊ तिकडे गवत कापायला गेले आणि तुरुंगात बसले. त्यांच्या लेखी कौन्सिलात जाणं म्हणजे इंग्रजांच्या पंगतीला बसणं. सुटून आल्यावर त्यांचं आणि पणजोबांचं ओसरीवर कडाक्याचं भांडण झालं. एकाने म्हणायचं, आधी स्वराज्य. दुसऱ्याने म्हणायचं, स्वराज्य येईतो पोट्टे अडाणी ठेवाचे काय? आबाजी हे भांडण दोघांच्या आवाजात करून दाखवत. तुरुंगात गेलेल्या त्या चुलत आजोबांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांची छाती त्या थंड बराकीत कायमची बिघडली. पण शाळेच्या बाबतीत मी पणजोबांच्या बाजूचा आहे. मुलाचं सातवं वर्ष स्वराज्याची वाट पाहत थांबत नाही.

आणि कौन्सिल म्हणजे तरी काय होतं? वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आलेला. म्हणून इथे निवडून आलेल्या सभासदांचीही नंतर सरकारकडून रीतसर नेमणूक व्हावी लागे. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांच्या मंत्र्याकडे दिली होती, पण तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या माणसांकडे राखून ठेवले होते. या दुहेरी कारभारावरचा राग म्हणून १९२४ मध्ये नागपूरच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून टाकला होता. अशा कौन्सिलात भाऊसाहेब निवडून गेले आणि शिक्षण आणि शेती खात्यांचे मंत्री झाले. शाळा त्यांच्या, पैसा दुसऱ्याचा. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, १९३३ मध्ये, ते पायउतार झाले.

मंत्रिपदाच्या त्या थोड्या काळात त्यांनी पैशाचं आणखी एक दार ठोठावलं. देवस्थानांच्या उत्पन्नाचा हिशेब व्हावा आणि ते लोकांच्या कामी यावं, या दिशेचं विधेयक १९३२ मध्ये आलं. वेदांवर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिलेल्या माणसाने ते आणलं, त्यामुळे धर्म कळत नाही असं त्याला कुणी म्हणू शकत नव्हतं. विरोध प्रचंड झाला, आणि विधेयक बारगळलं. कर्जलवादाचा कायदा मात्र १९३३ मध्ये झाला. त्याने शेतकरी आणि सावकार यांच्यात तडजोड करणारी मंडळं आली. आमचं 'आंब्याचं वावर' त्या तडजोडीत वाचलं, असं घरात सांगतात. वावर वाचलं म्हणून माझे आजोबा मॅट्रिकपर्यंत शिकले. कर्जाचा कायदा हा शिक्षणाचाही कायदा असतो, हे मला त्या वावराच्या बांधावर समजलं.

त्याच सुमारास अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिचा विस्तार पुढे विदर्भभर झाला. आमच्या जिल्ह्यात तिच्या शाळा-कॉलेजांतून न गेलेलं शेतकऱ्याचं घर शोधावं लागेल. इतकं लिहून पुढे जातो, कारण यश सगळ्यांना दिसतं. मला सांगायच्या आहेत त्या दोन गोष्टी, ज्या कुठल्याही जयंतीच्या भाषणात ऐकायला मिळत नाहीत.

एक गोष्ट सांगितली गावच्या बौद्धपुऱ्यातल्या एका आजोबांनी. ते आबाजींहून लहान, आणि सक्तीच्या शाळेच्या पहिल्या काही पिढ्यांतले. ते शाळेत गेले, हजेरीत नाव लागलं. बसायला जागा ओट्यावर. "मास्तर पाटी दुरूनच पाहे. चुकलं त मारासाठी छडी नाही, खडा फेके. छडी लागली त इटाळ." हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, नेमकेपणा होता. विहिरीबद्दल म्हणाले, "भाऊसायबानं इहीर खुली केली थे खरंच हाये. पन ठरावात खुली झालेली इहीर येगळी, आन् दोर-बादली घेऊन तिच्यावर चढनं येगळं. आमची माय पहिल्यांदा चढली तवा तिच्यासंगं सात बाया होत्या." ते व्हर्नाक्युलर फायनल झाले, पुढे स्वतः मास्तर झाले आणि त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पाटी हातात घेऊन तपासली. मी त्यांचा विद्यार्थी. खडूने भरलेली त्यांची बोटं पाटीवर फिरत आणि चुकलेल्या अक्षराजवळ थांबत, तेव्हा त्यांच्या मागे काय होतं हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी गोष्ट आबाजींच्या धाकट्या बहिणीची. तिला आम्ही मोठी आत्या म्हणू. तिला अक्षर येत नव्हतं, आणि हिशेब मात्र तोंडपाठ : कुणाला किती पायल्या दिल्या, कापूस किती मण गेला, सगळं. मुष्टिफंडाचं गाडगं लहानपणी तीच भरायची, कारण दळायला आईबरोबर तीच बसायची. मी तिला विचारलं, "आत्या, शाळा सक्तीची झाली तेव्हा तू का नाही गेलीस?" ती म्हणाली, "सक्ती पोट्ट्यायची होती. पोट्टं घरी रायलं त बापाले बोलावनं ये. पोट्टी घरी रायली त कोनाले पत्ताबी नसे. माह्या मुठीच्या जवारीवर भाऊ शिकला. मीबी शिकली असती." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने सुपातल्या तुरीतला खडा काढून बाजूला टाकला आणि पाखडणं चालू ठेवलं.

भाऊसाहेबांवरचं माझं प्रेम या दोन साक्षींनी कमी होत नाही. त्या जोडल्याशिवाय मात्र त्यांच्या शिक्षणविचाराचा हिशेब पुरा होत नाही. पुढे ते घटना समितीत गेले, तिथे मागासवर्गांसाठी भांडले, १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिले आणि १० एप्रिल १९६५ ला दिल्लीत गेले. बातमी आली त्या दिवशी गावची शाळा सोडून दिली, आणि आबाजी दुपारी जेवले नाहीत.

आमच्या भागात आता पुन्हा शाळा सरते आणि गाव बदलतं. पटसंख्या वीसच्या आत आलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवायच्या, 'समूह शाळा' करायच्या, हा विचार २०२३ मध्ये सरकारकडून पुढे आला तेव्हा गावच्या शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. पटावर तेव्हा जी मुलं होती, ती बहुतेक मजुरांची आणि पारध्यांच्या बेड्यावरची. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची मुलं तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात. म्हणजे १९३० मध्ये मत नसलेल्यांची पोरं शाळेबाहेर होती. आज त्यांना मत आहे, आणि त्यांचीच शाळा पटाच्या आकड्यावर टांगलेली आहे. हे मला सहन होत नाही, आणि ते मी प्रत्येक सभेत बोलतो.

२०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात एक उमेदवार पारावर येऊन गेले. शिक्षणाबद्दल बोलले, डिजिटल वर्ग म्हणाले, स्पर्धा परीक्षांचं केंद्र म्हणाले. मोठ्या आत्याची नात पुढे झाली. ती अंगणवाडीत काम करते आणि तिची मुलगी नववीत आहे, तालुक्याच्या शाळेत. मुलींना एसटीचा प्रवास फुकट आहे, मानव विकासची निळी बसही आहे. पण शाळा सुटते पाचला आणि बस फाट्यावरून वळते साडेचारला. नातीने विचारलं, "ते केंद्र करा साहेब. पण बसची वेळ तुम्ही कधी बदलून देता ते आजच सांगा, आणि गावची चौथी बंद होणार नाही असं लिहून द्या. त्याचा पैसा कुठून आणणार तेही सांगा. ग्रामपंचायतीची पट्टी वाढवायची असेल तर आम्ही भरू." उमेदवारांनी सोबतच्या माणसाला वही काढायला सांगितली. नातीने बसचा नंबर, फाट्याचं नाव आणि दोन्ही वेळा त्याला सावकाश सांगितल्या, आणि त्याने लिहिलेलं एकदा वाचून घेतलं.